माल्टाच्या निवेदिकेवर अर्ध्या तासाचं रूपक, नाशिकमधून

भूमध्य समुद्रातल्या माल्टा या छोट्या बेटदेशातल्या एखाद्या निवेदिकेचं किंवा महिला पत्रकाराचं आयुष्य मराठी श्रोत्यांपुढे मांडायचं, तर माहितीची फारशी अडचण येत नाही. बरीचशी इंग्रजीत आहे आणि घरबसल्या मिळते. रूपक, म्हणजे रेडिओवरचा माहितीपर कार्यक्रम, फसतं ते दुसऱ्याच कारणानं. तारखा आणि पुरस्कार यांची यादी वाचली जाते, पण त्या बाईंच्या हातात माइक कोणी दिला आणि कोणी काढून घेतला, हे कुठेच येत नाही. माल्टात हा प्रश्न टाळता येत नाही, कारण तिथल्या दोन्ही मोठ्या राजकीय पक्षांची स्वतःची रेडिओ आणि टीव्ही केंद्रं आहेत. म्हणून पहिला कागद चार रकान्यांचा करायचा: साल, काम, संस्था, मालक. चौथा रकाना भरेपर्यंत संहितेला हात लावू नये.

हे सगळं अर्ध्या तासाच्या रूपकाचं गणित धरून लिहिलं आहे. कम्युनिटी रेडिओ असो, कॉलेजचा पॉडकास्ट असो की वाचनालयातला ऐकण्याचा कार्यक्रम, हाताशी खरी २८ मिनिटंच असतात.

कोणावर करायचं

तीन प्रकारच्या व्यक्ती समोर येतात आणि तिघींचं काम वेगवेगळं असतं.

पहिला प्रकार, काम केव्हाच संपलेल्या आणि नोंदी स्थिर झालेल्या व्यक्तींचा. मेबल स्ट्रिकलँड हे उत्तम उदाहरण. जन्म १८९९, मृत्यू १९८८. ‘टाइम्स ऑफ माल्टा’ हे दैनिक १९३५ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून १९५० पर्यंत त्या संपादक होत्या. दुसऱ्या महायुद्धात बेटावर बॉम्ब पडत असतानाही अंक एक दिवस चुकला नाही. वडील जेराल्ड स्ट्रिकलँड १९२७ ते १९३२ माल्टाचे पंतप्रधान. पुढे मेबल यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि १९६२ मध्ये संसदेत निवडून आल्या. इथे चौथा रकाना पहिल्याच ओळीत बोलू लागतो: वृत्तपत्र घराण्याचं, घराणं राजकारणातलं. नवख्या गटानं पहिलं रूपक अशाच व्यक्तीवर करावं. प्रकाशनानंतर कोणी नवा निकाल लावत नाही आणि खाडाखोड करावी लागत नाही.

दुसरा प्रकार, ज्यांची गोष्ट अजून कोर्टात चालू आहे अशांचा. डॅफ्नी कारुआना गालित्सिया यांचा जन्म २६ ऑगस्ट १९६४ चा, स्लीमा गावचा. १९८७ मध्ये ‘संडे टाइम्स ऑफ माल्टा’त वार्ताहर म्हणून सुरुवात, पुढे स्तंभलेखन, मग ‘माल्टा इंडिपेंडंट’, आणि २००८ पासून स्वतःचा ब्लॉग. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी बिदनिया इथे घराजवळच त्यांच्या गाडीत स्फोट घडवून त्यांची हत्या झाली. त्यांच्या तक्त्यात शेवटच्या नऊ वर्षांचा मालकाचा रकाना ‘स्वतः’ असा भरावा लागतो. मृत्यूच्या वेळी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचे चाळीसहून अधिक दावे प्रलंबित होते. मागे व्यवस्थापनाचा वकील नसलेल्या लेखिकेला ते किती जड गेले असतील, हे रकाना न बोलता सांगतो. विषय मोठा आहे, पण जोखमीचा. त्याबद्दल पुढे.

तिसरा प्रकार, हयात निवेदिका. ८ मार्चसाठी काही करायचं असेल तर आमचं मत याच बाजूनं. रेडिओवर आवाज लागतो, आणि हयात व्यक्ती तीन मिनिटांचा आवाज पाठवू शकते. मेबल स्ट्रिकलँड यांच्यासारख्या वृत्तपत्रवाल्या बाईंचा वापरण्याजोगा आवाज मिळवताना घाम फुटतो, आणि मग २८ मिनिटं नुसतं वाचन होतं.

मालकाचा रकाना भरायला लागणारी सालं

माल्टाचं प्रसारण ढोबळ चार टप्प्यांत पडतं. हे टप्पे पाठ असले की चुकीची माहिती लगेच खटकते.

१९३५ मध्ये रेडिफ्यूजन या ब्रिटिश कंपनीनं तारेवरचा रेडिओ सुरू केला. आपल्याकडच्या केबल टीव्हीसारखा, फक्त आवाजापुरता: घरात खोका, खोक्याला तार, आणि तारेतून येईल तेच ऐकायचं. त्या काळात मुसोलिनीच्या इटलीचा रेडिओ माल्टात सहज ऐकू येई. लोकांनी तो ऐकू नये, हे ब्रिटिश सरकारला हवंच होतं. १९३४ मध्येच इटालियनचा अधिकृत दर्जा काढून माल्टीजला तो देण्यात आला होता. म्हणून या काळातल्या निवेदिकेबद्दल ‘रेडिओवर काम केलं’ एवढंच लिहिणं अपुरं आहे. ती वसाहतीच्या काळात, ब्रिटिश कंपनीच्या तारेवर, नुकत्याच मान्यता मिळालेल्या भाषेत बोलत होती.

१९६१ मध्ये ब्रॉडकास्टिंग ऑथॉरिटी ही नियामक संस्था आली आणि १९६२ च्या सप्टेंबरअखेर टीव्ही. तोही रेडिफ्यूजनच चालवत असे. देश स्वतंत्र झाला २१ सप्टेंबर १९६४ ला, प्रजासत्ताक झाला १३ डिसेंबर १९७४ ला. मराठी लेखांत या दोन तारखांची हमखास अदलाबदल होते.

तिसरा टप्पा १९७५ चा. मजूर पक्षाच्या सरकारच्या काळात प्रसारण सरकारी झालं आणि ‘शांदिर माल्टा’ हे नाव आलं. म्हणजे १९६८ साली कोणी ‘शांदिर माल्टावर बातम्या वाचायच्या’ असं दिसलं, तर साल तरी चूक किंवा संस्था तरी. शेजारच्या सिसिलीतून इटालियन टीव्ही दिसत असल्यानं माल्टाच्या प्रेक्षकाला दुसरा पर्याय होता, पण देशातल्या बातम्यांसाठी सरकारी केंद्रच. १९८१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला मतं कमी आणि जागा जास्त मिळाल्या. त्यानंतरची वर्षं फार कडवट गेली. या काळात सरकारी केंद्रावर वृत्तनिवेदिका असणं आणि १९९५ मध्ये असणं, यांत मोठा फरक आहे. तिच्याबद्दलचं मतही पक्षाप्रमाणे दोन टोकांचं सापडेल. दोन्ही नोंदवावीत.

१९९१ च्या प्रसारण कायद्यानं चौथा टप्पा उघडला. सरकारी केंद्र पब्लिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेसकडे गेलं आणि इतरांना परवाने मिळाले. मजूर पक्षाचं ‘सुपर वन’, आताचं ‘वन’. राष्ट्रवादी पक्षाचं ‘रेडिओ १०१’ आणि पुढे ‘नेट’ टीव्ही. चर्चचं आरटीके. विद्यापीठाचं कॅम्पस एफएम. हा राष्ट्रवादी पक्ष वेगळा, आपल्या घड्याळवाल्यांशी संबंध नाही. संहितेत पहिल्या उल्लेखाला ‘माल्टाचा नॅशनलिस्ट पक्ष’ असंच म्हणावं, नाहीतर नाशिकचा श्रोता नको तिकडे जातो.

पक्षाच्या केंद्रावरून राजकारणात जाणं तिथे नेहमीचंच. मिरियम डाली या मजूर पक्षाच्या ‘वन’ वाहिनीच्या वृत्तविभागातून आल्या आणि २०१४ मध्ये युरोपीय संसदेवर निवडून गेल्या. अशा वाटचालीला आपल्याकडे लगेच ‘पत्रकारिता सोडून राजकारणात उडी’ म्हणायची सवय आहे. माल्टाच्या बाबतीत ती उडी नसून त्याच इमारतीतला वरचा मजलाही असू शकतो. चौथा रकाना पाहूनच क्रियापद ठरवा.

एक गोष्ट रकान्यात मावत नाही, पण शोधावीच लागते. माल्टात बायकांना मताधिकार १९४७ मध्ये मिळाला, पण सरकारी नोकरीतल्या बाईनं लग्न केलं की राजीनामा द्यायचा, हा नियम १९८०च्या सुमारापर्यंत राहिला. साठ-सत्तरच्या दशकातली एखादी निवेदिका ऐन भरात असताना अचानक नोंदींतून गायब झाली, तर आधी लग्नाचं साल पाहा. ‘त्यांनी कुटुंबासाठी करिअर थांबवलं’ असं गोड वाक्य लिहिण्याआधी थांबवलं कोणी, हे तपासलंच पाहिजे.

माहिती कुठून, आणि कोणत्या क्रमानं

विकिपीडियापासून सुरुवात करायला हरकत नाही, तिथे थांबायला आहे. पुढचा क्रम असा ठेवावा. ‘टाइम्स ऑफ माल्टा’, ‘माल्टा इंडिपेंडंट’ आणि ‘माल्टा टुडे’ या तिन्हींच्या संकेतस्थळांवर नाव शोधा आणि एकच घटना तिन्हींनी कशी दिली आहे ते शेजारी शेजारी ठेवा. माल्टा विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात पदवी आणि पदव्युत्तर प्रबंध मोफत वाचायला मिळतात. प्रसारणाच्या इतिहासावरचे प्रबंध हे सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात उपयोगी साधन आहे, कारण त्यांत जुन्या निवेदकांच्या मुलाखती शेवटी जोडलेल्या असतात. ब्रॉडकास्टिंग ऑथॉरिटीचे वार्षिक अहवाल रुक्ष असतात, पण कोणतं केंद्र कधी कोणाचं होतं ते तिथे पक्कं कळतं. माल्टाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा ‘मेमोर्या’ हा मौखिक इतिहासाचा प्रकल्प आहे. तिथे व्यक्ती सापडली नाही तरी काळ सापडतो.

पुरस्कारांचं एक तपासावं. राष्ट्रीय सन्मान दर वर्षी १३ डिसेंबरला, प्रजासत्ताक दिनी दिले जातात. कुठे ‘जूनमध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय सन्मान’ असं वाचलं, तर तो बहुधा दुसराच पुरस्कार असतो. पत्रकार संस्थेचे पुरस्कार निराळे. त्यांत ‘नामांकन’ आणि ‘विजेती’ यांची गल्लत फार होते.

‘पहिली महिला’ हे शब्द दिसले की लाल पेन घ्यावं. पहिली बातम्या वाचणारी, टीव्हीवर बातम्या वाचणारी, माल्टीजमध्ये वाचणारी, वृत्तविभागाची प्रमुख झालेली: या चार निराळ्या बायका असू शकतात. दोन स्वतंत्र साधनांत नेमक्या त्याच विशेषणांसह दावा सापडला नाही, तर ‘सुरुवातीच्या निवेदिकांपैकी’ म्हणावं आणि पुढे जावं. श्रोत्याचं काही बिघडत नाही.

आडनावांचा गुंता वेगळाच. बोर्ग, वेला, झामित, कामिलेरी, फारूजा, ग्रेक ही आडनावं माल्टात इतकी पसरलेली आहेत की नाव आणि आडनाव दोन्ही जुळणाऱ्या दोन पत्रकार सहज सापडतात. आपल्याकडे ‘सुनीता पाटील’ शोधून पाहा, कळेल. ओळख पटवायला जन्मगाव आणि जन्मसाल दोन्ही लागतात. शिवाय लग्नानंतर आडनाव बदलतं. २००० साली स्टॉकहोमच्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत माल्टासाठी गाऊन आठव्या आलेल्या क्लॉडेट पाचे आणि पुढे संसदेत बसलेल्या, टीव्हीवरच्या क्लॉडेट बुटिजीज या एकच. एकाच आडनावानं शोधलं तर निम्मं आयुष्य हातातून निसटतं. प्रत्येक व्यक्तीसाठी माहेरचं, सासरचं आणि जोडून लिहिलेलं अशी तिन्ही नावं शोधयंत्रात घालावीत.

इंग्रजी लेखन वाचायची सवय असेल तर नाशिकच्या ‘सार्वजनिक वाचनालया’त बसून युद्धकाळातल्या भूमध्य समुद्राचा इतिहास आधी वाचून घ्यावा. १८४० पासूनच्या या वाचनालयात माल्टावर खास काही मिळेल अशी आशा धरू नये. पण १९४२ मध्ये अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिश शौर्यपुरस्कार का मिळाला हे एकदा नीट समजलं, की पुढचे वीस संदर्भ आपोआप उलगडतात.

नावं देवनागरीत कशी लिहायची

माल्टीज ही अरबीच्या कुळातली भाषा, पण लिहितात रोमन लिपीत. म्हणून इंग्रजी वाचल्यासारखं वाचलं की सगळं चुकतं. निवेदनासाठी एवढे नियम पुरतात. एक्सचा उच्चार श. जेचा उच्चार य, म्हणून तिथला ‘राद्यू’ म्हणजे रेडिओ. टिंब असलेला सी म्हणजे च आणि टिंब असलेला जी म्हणजे ज. बिनटिंबाचा जी म्हणजे ग. टिंब असलेला झेड म्हणजे झेब्रातला झ, बिनटिंबाचा म्हणजे त्स. क्यू हा घशात क्षणभर अडकणारा आवाज आहे. मराठीत तो सोडून द्यावा. जी आणि आडव्या रेघेचा एच यांची जोडी आली तर ती बहुतेक वेळा मुकी असते. एकट्या आडव्या रेघेच्या एचचा उच्चार स्पष्ट ह.

गालित्सिया हे नाव यामुळेच ‘गॅलिझिया’ नाही. इथे मराठी निवेदकाची एक खास अडचण आहे. आपल्याला ‘चमचा’मधला दंत्य च येतो आणि तो त्सच्या जवळचा आहे, म्हणून काही जण ‘गालिचिया’ लिहितात. पण इ आणि यच्या आधी मराठी जीभ तालव्य चकडेच वळते आणि नाव बिघडतं. त्स फोडूनच लिहावं. शहरांपैकी वॅलेटा, स्लीमा, इम्दीना, मार्साश्लॉक आणि गोझो एवढी नावं बहुधा लागतात. गोझोला माल्टीजमध्ये आउदेश म्हणतात. रूपकात ठरवून एकच नाव ठेवावं.

ज्या व्यक्तीवर रूपक आहे तिचं नाव मात्र नियमांवर सोडू नये. तिच्या कार्यक्रमाच्या ध्वनिफितीत सूत्रसंचालक तिची ओळख करून देतो ते दहा सेकंद शोधा, दहादा ऐका आणि संहितेच्या पहिल्या पानावर ठळक लिहा.

हयात निवेदिकेशी संपर्क

पहिला ईमेल इंग्रजीत, सात-आठ ओळींचा. तुम्ही कोण, कार्यक्रम कोणत्या भाषेत, किती मिनिटांचा, कुठे ऐकवणार, पैसे मिळणार की नाही, आणि त्यांच्याकडून नेमकं काय हवं. ‘आपल्या जीवनप्रवासाबद्दल सांगा’ ही मागणी करू नये. जिनं आयुष्यभर इतरांच्या मुलाखती घेतल्या, तिला असा प्रश्न आळशीपणाचा वाटतो. तीनच प्रश्न पाठवावेत आणि तिन्ही तक्त्यातल्या रिकाम्या किंवा संशयास्पद जागांवरचे. जसं की, १९९१ मध्ये सरकारी केंद्र सोडून नव्या केंद्रात जाताना तुमच्यापुढे कोणते पर्याय होते? बातमी वाचायला नकार दिला असा प्रसंग आला का?

भारत माल्टाच्या पुढे हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असतो. हा बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. नेमका मार्चअखेरीस फोन ठरवला की तासाची चुकामूक ठरलेली. ऑगस्टमध्ये उत्तराची वाट पाहू नये. १५ ऑगस्ट हा तिथेही मोठा सण आहे, सांता मारिया, आणि त्याच्या आजूबाजूला निम्मं बेट सुट्टीवर असतं.

आवाज व्हॉट्सॲप कॉलवरून मुद्रित करू नका. त्यांनाच त्यांच्या फोनवर घरच्या शांत खोलीत बोलायला सांगा आणि फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हवरून मागवा. व्हॉइस नोट म्हणून आलेली फाइल इतकी दाबली जाते की स आणि श सारखेच ऐकू येतात. उत्तरं इंग्रजीत चालतील, पण पन्नास सेकंद माल्टीजमध्ये आवर्जून मागा: जुन्या बातमीपत्राची सुरुवात किंवा कार्यक्रमाची नेहमीची पहिली ओळ. श्रोत्याला त्या बाई ‘भेटतात’ त्या याच पन्नास सेकंदांत.

माल्टीज ही २००४ पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा असल्यानं यांत्रिक भाषांतर कामचलाऊ मिळतं. त्यावरून मराठी करा, मग मराठीचा अर्थ साध्या इंग्रजीत लिहून त्यांना परत पाठवा. ‘हेच म्हणायचं होतं ना?’ एवढा प्रश्न पुरे. भाषांतराच्या निम्म्या चुका इथेच सापडतात.

संहिता

२८ मिनिटांतून सुरुवातीची धून आणि ओळख मिळून पाऊण मिनिट, मूळ आवाजाचे तुकडे पाच मिनिटं, श्वास आणि संगीत सव्वा मिनिट काढा. निवेदनाला एकवीस मिनिटं राहतात. रूपकाच्या संथ वाचनात मिनिटाला ११० मराठी शब्द जातात, म्हणजे २३०० शब्द. पहिला खर्डा हटकून ३५०० चा होतो. कापायचं काय हे ठरलेलं असावं: आधी भूगोल, मग पुरस्कार, मग इतर व्यक्तींची नावं. तक्त्यातल्या मालकांना हात लावू नये.

भूगोलाला दीड मिनिटापेक्षा जास्त देऊ नये. एकच तुलना पुरते. संपूर्ण माल्टा देश ३१६ चौरस किलोमीटरचा आणि २०२१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आतला. एकट्या नाशिक शहरात २०११ मध्येच पावणेपंधरा लाख लोक होते. एवढ्या लहान ठिकाणी बातमी वाचणारी बाई आणि बातमीतला मंत्री एकाच बाजारात भाजी घेतात. पत्रकारितेवर याचा काय परिणाम होतो, हे श्रोत्याला वेगळं सांगावं लागत नाही. १८७८ मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून सुमारे सात हजार सैनिक माल्टात नेले होते, ही गंमतीची माहिती आहे. पण ती घालायचा मोह होतो आणि निवेदिका वाट पाहत बसते.

जन्मापासून सुरू करू नका. आवाजापासून करा, आणि आवाज नसेल तर ज्या वर्षी मालक बदलला त्या वर्षापासून. कागदावरचं वाक्य असं असतं: ‘१९६२ साली रेडिफ्यूजन कंपनीनं माल्टामध्ये दूरचित्रवाणी सेवेचा शुभारंभ केला असता अनेक रेडिओ निवेदकांना नव्या माध्यमात संधी प्राप्त झाली.’ कानाला ते असं हवं: ‘माल्टात टीव्ही आला बासष्ट साली. तोवर घराघरांत एक खोका होता. खोक्याला तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला स्टुडिओ. सुई फिरवून दुसरं केंद्र लावायची सोयच नव्हती.’ सालाचा उच्चार संहितेत अक्षरी लिहावा, नाहीतर निवेदक ऐन वेळी ‘एकोणीसशे’वर अडखळतो.

मध्यावर एका वर्षाला किमान पाच मिनिटं द्यावीत. ज्या वर्षी तिला निवड करावी लागली ते वर्ष. बाकीची तीस वर्षं पाच-सहा वाक्यांत गेली तरी चालतात.

डॅफ्नी यांच्यासारख्या विषयात शब्द मोजून वापरावे लागतात. बॉम्ब ठेवल्याच्या प्रकरणात तिघांनी गुन्हा कबूल केला: एकाला २०२१ मध्ये पंधरा वर्षं, दोघा भावांना २०२२ मध्ये प्रत्येकी चाळीस वर्षं. बॉम्ब पुरवल्याबद्दल आणखी दोघे २०२५ मध्ये दोषी ठरले. सार्वजनिक चौकशीच्या २०२१ च्या अहवालानं दंडमुक्तीचं वातावरण तयार केल्याची जबाबदारी राज्यव्यवस्थेवर ठेवली. ‘सरकारनं खून केला’ असं त्याचं मराठी होत नाही. कट रचल्याचा आरोप असलेल्या व्यक्तीनं आरोप नाकारले आहेत. त्यामुळे ‘आरोपी’ याच्या पलीकडे शब्द नको. मुद्रणाच्या दिवशी आणि प्रसारणाच्या आदल्या दिवशी, दोनदा ताजी स्थिती पाहावी. शिवाय कम्युनिटी रेडिओला आणि खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी आपल्याकडे नाही. चरित्राच्या रूपकात चालू खटल्याचा आढावा शिरला की केंद्राचा माणूस कात्री लावणारच, आणि त्याचं बरोबर असेल.

नाशिकमधलं ध्वनिमुद्रण

स्टुडिओ मिळाला तर प्रश्न नाही. घरी करायचं तर रस्त्याच्या विरुद्ध बाजूची, कपाटं आणि गाद्या असलेली आतली खोली निवडा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज भांड्यात बोलल्यासारखा येतो. निवेदकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांगल्या की निम्मा घुमारा जातो. समोरची, म्हणजे माइकमागची भिंत तेवढी महत्त्वाची नाही. कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो, त्यामुळे खरी गरज निवेदकाच्या पाठीमागे असते.

पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत लावायची आठवण राहावी म्हणून बंद करणाऱ्यानं आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी. एप्रिल-मे मध्ये सकाळी सहाच्या आत बसा, दुपारी निवेदकाचा घसा आणि सहनशक्ती दोन्ही जातात. पंचवटीत आरतीच्या वेळा टाळाव्यात. देवळाली कॅम्पच्या बाजूला तोफखान्याचा सराव चालू असेल तर कानाला न जाणवणारा दणका माइक पकडतो. ८० हर्ट्झखालचा भाग कापणारा फिल्टर त्यातला बराच काढतो, सगळा नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरचे हॉर्न मात्र कुठलाच फिल्टर काढत नाही, वाक्य परत घ्यावं लागतं.

माइक तोंडापासून एक वीत, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चे फटके थेट बसत नाहीत. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास, जोराच्या शब्दाला उणे ६ पर्यंत. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, वेव्ह फाइल. तासाला साधारण ५२० एमबी लागतात. सुरुवातीला वीस सेकंद कोणी न बोलता खोली मुद्रित करा. जोडकामात वाक्यांमधली फट निव्वळ शांततेनं भरली तर कानाला खड्डा जाणवतो, त्या जागी खोलीचा हाच आवाज लागतो.

चूक झाली तर शब्द नाही, पूर्ण वाक्य पुन्हा वाचायचं. अर्ध्या वाक्याचा जोड मराठीत फार दिसतो, कारण क्रियापद शेवटी येतं आणि सूर तिथेच उतरतो.

जोडकाम आणि परवानगी

मूळ माल्टीज किंवा इंग्रजी आवाज आधी सहा ते आठ सेकंद मोकळा ऐकू द्या. मग तो १५ ते १८ डेसिबलनं खाली घ्या आणि मराठी आवाज वर आणा. शेवटी दोन-तीन सेकंद मूळ आवाज पुन्हा मोकळा. मराठी आवाज साधारण त्याच वयाच्या बाईचा असावा. साठीच्या निवेदिकेला विशीतल्या मुलीचा आवाज दिला की सगळा तोल जातो, आणि हे कॉलेजच्या प्रकल्पांत सर्रास होतं. पॉडकास्टसाठी अंतिम पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास. केंद्रासाठी त्यांचा आकडा विचारून घ्या.

जुन्या कार्यक्रमाचा तुकडा इंटरनेटवर सापडला म्हणून वापरता येत नाही. हक्क प्रसारण संस्थेचा असतो, बाईंचा नाही, त्यामुळे त्यांची तोंडी हरकत नसणं पुरत नाही. संस्थेला तुकड्याची तारीख, कार्यक्रमाचं नाव, कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत आणि वापर कुठे, हे कळवून लेखी परवानगी मागा. पक्षाच्या वाहिनीकडून परवानगी मागताना दुसऱ्या पक्षाच्या वाहिनीचाही तुकडा आहे हे आधीच सांगावं. नंतर कळलं तर दोघांकडून अडचण होते. परवानगी आली नाही तर तेवढा भाग निवेदकानं सांगायचा. रूपक थांबवू नये.

प्रसारणाआधी पूर्ण रूपकाचा इंग्रजी सारांश आणि तक्ता त्या बाईंना किंवा त्यांच्या कुटुंबाला पाठवा, तथ्यं तपासण्यासाठी. मतं बदलून देण्यासाठी नाही, हे ईमेलमध्येच स्पष्ट लिहावं. दुरुस्ती आली तर तक्त्यात तारीख घालून नोंदवा आणि मूळ साधनाशी पुन्हा ताडा, कारण स्वतःच्या नोकरीची सालं माणसं आठवणीतून एक-दोन वर्षं इकडेतिकडे सांगतात. अंतिम वेव्ह फाइल, बिनसंगीताची प्रत, संहिता, तक्ता आणि परवानग्यांचे ईमेल एकाच फोल्डरमध्ये, दोन वेगळ्या डिस्कवर. एक प्रत कार्यक्रम करणाऱ्या गटाकडे, दुसरी केंद्राकडे किंवा कॉलेजच्या ग्रंथपालाकडे, फोल्डरच्या नावात व्यक्तीचं नाव आणि प्रसारणाची तारीख घालून.